कॅज्युअल्टीतल्या रुग्णांचा अनुभव कसा मोजायचा: आधी यादी, मग फॉर्म

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या शंभरेक खाटांच्या खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीचे (तातडीच्या उपचारांच्या विभागाचे) अभिप्राय फॉर्म क्वालिटी विभागाकडे जमा होतात. त्यात दर महिन्याला ९५ टक्क्यांच्या वर समाधान दिसतं. पण भांडणं, लेखी तक्रारी आणि गुगलवरचे एक तारेचे शेरे सगळ्यात जास्त कॅज्युअल्टीबद्दलच असतात. तर फॉर्म बदलायचा का, महिन्याला किती जणांना विचारायचं, आणि येणारा आकडा स्टाफच्या इन्सेंटिव्हला जोडायचा का?

फॉर्मला हात नंतर लावा. आधी तो कोणाच्या हातात पडतो ते बघा. बहुतेक ठिकाणी तो बिलिंग काउंटरवर, पावतीबरोबर दिला जातो. म्हणजे ज्याला तपासलं, औषध दिलं, बरं वाटलं आणि जो आता घरी निघालाय, त्यालाच तो मिळतो. त्यातही समोर काउंटरवरची मुलगी उभी, मागे रांग, बाहेर रिक्षा थांबलेली. माणूस सरळ वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर टिक करतो आणि सुटतो. हा आकडा खोटा नसतो. फक्त तो कॅज्युअल्टीचा नसतो, सुखरूप घरी जाणाऱ्यांचा असतो.

महिन्याला कॅज्युअल्टीच्या दारातून १,२०० रुग्ण आले असं धरू. त्यातले ७०० उपचार घेऊन घरी गेले, ३२० वॉर्डात किंवा आयसीयूत भरती झाले, ८० जणांना दुसरीकडे पाठवलं, ६० जण सल्ल्याविरुद्ध सही करून गेले आणि ४० जण डॉक्टरांनी बघायच्या आतच कंटाळून निघून गेले. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे रजिस्टरमधून काढा. बिलिंगचा फॉर्म या ७०० पैकी काहींपर्यंतच पोचतो. भरती झालेल्यांना फॉर्म मिळतो तो चार दिवसांनी वॉर्डातून डिस्चार्ज होताना, आणि तोपर्यंत त्यांच्या डोक्यात जेवण, वॉर्डातल्या सिस्टर आणि टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची) मंजुरी असते. उरलेले १८०, म्हणजे १५ टक्के, यांना फॉर्म कधीच मिळत नाही. आयसीयूत बेड नाही म्हणून रात्री दोन वाजता कळव्याच्या किंवा सायनच्या पालिका रुग्णालयात निघालेलं कुटुंब या १८० मध्ये आहे. डिपॉझिटवरून वाद होऊन सही करून गेलेलाही यातच आहे. गुगलवरचे शेरे कुठून येतात ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

म्हणून पहिलं काम यादीचं. ती बिलिंगमधून नको, कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधून किंवा एचआयएसमधून (रुग्णालयाच्या संगणक प्रणालीतून) काढा, आणि त्यात ‘कुठे गेला’ हा रकाना रोज भरला जातो का ते तपासा. न बघता निघून गेलेल्यांची मोठी अडचण ही, की बहुतेक रुग्णालयांत आधी केसपेपर, मग तपासणी असा क्रम असतो. केसपेपरच्या रांगेतून जो परत गेला त्याची कुठेच नोंद नसते. त्यावर उपाय एकच: ट्रायाजची (कोणाला किती तातडीने बघायचं हे ठरवण्याची) नोंद केसपेपरच्या आधी. दारापाशी बसलेल्या नर्सने वेळ, नाव, मोबाइल आणि तातडीचा रंग (लाल सगळ्यात तातडीचा, मग पिवळा, मग हिरवा) एवढं लिहून घेतलं तरी पुरतं. हे करून घेतलं नाही, तर हे ४० जण सर्व्हेत शून्यच राहतील आणि तुमची सरासरी कायम चांगलीच दिसेल.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची, आणि तिच्यावर कोणी वेळ घालवत नाही. कॅज्युअल्टीत घाईत लिहिलेले नंबर नऊ अंकी असतात, सगळे नऊ असतात, रिक्षावाल्याचे असतात, १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या माणसाचे असतात. वागळे इस्टेट किंवा महापे-तुर्भ्याच्या एमआयडीसीतून हाताला लागून आलेल्या कामगाराच्या नावापुढे सुपरवायझरचा नंबर असतो. त्या कामगाराच्या अनुभवाबद्दल सुपरवायझरला विचारण्यात काही अर्थ नाही, आणि ते योग्यही नाही. यासाठी रजिस्ट्रेशनवर दोन सवयी लावा: नंबर लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि नंबर कोणाचा हे लिहायचं (स्वतः, मुलगा, शेजारी, मालक, पोलीस). महिन्याभरात चुकीच्या नंबरांचं प्रमाण मोजा. ते पाचातल्या एकापेक्षा जास्त असेल तर सर्व्हे पुढे ढकला, आधी ते दुरुस्त करा.

काही नावं यादीतून हाताने काढावी लागतात. मृत्यू झालेल्यांच्या घरी हा फोन जाता कामा नये. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर ते वेगळ्या माणसाने, वेगळ्या वेळी. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, स्वतःला इजा करून घेणं, विषबाधा, या केसेसना फोन किंवा मेसेज करू नका. मोबाइल घरात चार जणांच्या हातात फिरतो आणि एका मेसेजमुळे अशा रुग्ण बाईचं घरात जगणं कठीण होऊ शकतं. बाकीच्या एमएलसी (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेस), जसे रस्ते अपघात वगैरे, यादीत ठेवायला हरकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारा. आणि दम्याचा जो रुग्ण महिन्यातून तीनदा येतो त्याला दर तीन महिन्यांत एकदाच.

आता किती जणांना विचारायचं. १०० पूर्ण उत्तरांत ८० जण ‘हो’ म्हणाले, तर खरं प्रमाण साधारण ७२ ते ८८ च्या मधे कुठेतरी आहे. उत्तरं ३० च असतील तर ६६ ते ९४. तीन महिन्यांची मिळून ३०० झाली तर ७५ ते ८५ च्या आसपास. म्हणजे महिन्याला १०० उत्तरं असताना गेल्या महिन्यात ८० आणि या महिन्यात ७६ आले, तर काहीही बदललेलं नाही. दोन महिन्यांत अकरा-बारा टक्क्यांचा फरक पडल्याशिवाय मीटिंग बोलावू नका. निर्णय तिमाहीच्या आकड्यावर घ्या.

‘आमची शिफारस कराल का, शून्य ते दहा’ हा प्रश्न आणि त्यातून काढलेला एनपीएस (नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्क्यांतून सहा किंवा कमी देणाऱ्यांचे टक्के वजा) व्यवस्थापनाला आवडतो, पण तो आणखी डळमळीत आहे. १०० पैकी ६० जणांनी नऊ-दहा आणि १५ जणांनी सहा किंवा कमी दिले तर एनपीएस ४५ येतो. तेवढ्या उत्तरांवर त्याची खरी जागा ३० ते ६० यात कुठेही असू शकते. शिवाय छातीत दुखतंय म्हणून जवळ होतं त्या दारात शिरलेल्या माणसाला शिफारशीचं विचारणं जरा विचित्रच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, २०१३ पासून असाच शिफारशीचा प्रश्न विचारला आणि २०२० मध्ये तो बदलून ‘एकूण अनुभव कसा होता’ असा केला.

१०० उत्तरं हवीत आणि तिघांतला एक बोलेल असं धरलं तर ३०० नावं लागतात. वरच्या उदाहरणात घरी गेलेल्या आणि भरती झालेल्यांपैकी दर पाचवं नाव घ्या: १४० आणि ६४. उरलेल्या १८० मधून दर दुसरं: ९०. झाली २९४ नावं. सुरुवात चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे पहिलं नाव तिसरं की पाचवं हे कोणी निवडलेलं नसेल. यादी तारीख आणि वेळेनुसार लावलेली असली की रात्रपाळी आणि रविवार आपोआप त्यांच्या प्रमाणात येतात. एकत्र आकडा काढताना मात्र पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येक उत्तराला पाच आणि तिसऱ्याला दोन असं वजन द्या, नाहीतर नाराज गटाचा वाटा उगाच फुगेल. एक्सेलमध्ये एक जादा रकाना लागतो, बस्स.

फोन कधी? घरी गेलेल्याला दोन दिवसांनंतर आणि दहा दिवसांच्या आत. भरती झालेल्याला डिस्चार्जनंतर, पण प्रश्न फक्त कॅज्युअल्टीतल्या तासांबद्दलचे. एका नावाला चार प्रयत्न, वेगवेगळ्या वेळी: सकाळी अकराच्या सुमारास, दुपारी, संध्याकाळी सात नंतर, आणि एक रविवारी. ठाण्यातला नोकरदार संध्याकाळी साडेसहाला लोकलमध्ये असतो, तेव्हा केलेला फोन वाया जातो. वेळेचा हिशोब असा: २९४ नावांना मिळून सातशेच्या आसपास फोन होतात. त्यातले १०० आठ-आठ मिनिटांचे, बाकीचे दीड-दीड मिनिटांचे. सगळं मिळून महिन्याला २८ ते ३० तास. अर्ध्या वेळेचा एक माणूस पुरतो.

तो माणूस कॅज्युअल्टीतला नको, बिलिंगचाही नको. मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलणारा हवा. पहिलं वाक्य फार महत्त्वाचं, कारण रुग्णालयातून फोन आला की लोकांना आधी वाटतं काहीतरी पैसे राहिले, आणि हल्ली दुसरी शंका फसवणुकीची. म्हणून: ‘नमस्कार, मी अमुक रुग्णालयातून बोलतेय. हा फोन बिलाचा नाही, कुठलाही ओटीपी किंवा पैसे मागणार नाही. तुम्ही गेल्या आठवड्यात आला होतात, तेव्हा काय काय झालं हे पाच मिनिटं विचारायचंय. आत्ता बोलू शकाल का?’ ‘नाही’ म्हटलं तर थँक यू म्हणून फोन ठेवायचा. आडनावावरून भाषा ठरवायची नाही, समोरचा ज्या भाषेत ‘हॅलो’नंतरचं वाक्य बोलतो ती धरायची.

व्हॉट्सअॅप किंवा एसएमएसची लिंक स्वस्त पडते, आणि तरुण, हिरव्या गटातल्या रुग्णांकडून उत्तरंही बरी येतात. पण एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) नोंदवावं लागतं, ते लॅब रिपोर्टच्या टेम्प्लेटवर चालवू नका. मेसेजमध्ये आजार किंवा विभागाचं नाव नको. आणि माणसं फोनवर जरा गोड बोलतात, लिंकवर कडक लिहितात. वर्षाच्या मधेच फोन सोडून लिंकवर गेलात तर आकडा पडेल आणि सगळे कॅज्युअल्टीच्या इनचार्जकडे बघतील. फोन आणि लिंक जे काही प्रमाण ठरवाल ते वर्षभर तेच ठेवा.

आता फॉर्मकडे येऊ. समाधान विचारू नका, घडलं काय ते विचारा. ‘आमच्या डॉक्टर व नर्सेसनी आपुलकीने विचारपूस करून वेळेवर उपचार केले का?’ या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत आणि उत्तर काहीही आलं तरी त्यावरून करण्यासारखं काही नाही. त्याऐवजी असे प्रश्न चालतात:

‘दारातून आत आल्यापासून कोणी नर्स किंवा डॉक्टरने पहिल्यांदा तपासेपर्यंत किती वेळ गेला?’ उत्तरं: १० मिनिटांच्या आत, १० ते ३०, ३० ते ६०, तासापेक्षा जास्त, आठवत नाही. इथे ‘दारातून आत आल्यापासून’ हे शब्द गाळू नका. कासारवडवलीहून निघून मानपाडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस घरातून निघाल्यापासूनचा वेळ मोजतो.

‘थांबावं लागण्याचं कारण कोणी सांगितलं का?’ आणि वेगळा प्रश्न: ‘साधारण किती थांबावं लागेल हे सांगितलं का?’

‘तपासताना पडदा ओढला होता का?’ गोपनीयतेबद्दल समाधानी आहात का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. पडद्याचं विचारलं की खरं उत्तर येतं.

‘दुखत होतं का?’ हो असेल तरच पुढे: ‘दुखणं कमी व्हावं म्हणून स्टाफने त्यांच्या परीने सगळं केलं असं वाटलं का?’ उत्तरं तीनच: ‘हो, पूर्णपणे’, ‘थोडंफार’, ‘नाही’.

‘पैसे किंवा डिपॉझिट भरेपर्यंत उपचार थांबले असं झालं का?’ हा प्रश्न खासगी रुग्णालयांना नको असतो आणि म्हणूनच हवा. तातडीच्या रुग्णाला आधी वाचवायचं, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. इथे एक जरी ‘हो’ आलं तरी टक्केवारीची वाट न बघता ती केस उघडून बघायची.

‘घरी गेल्यावर काय झालं तर लगेच परत यायचं, हे सांगितलं का?’ फक्त घरी गेलेल्यांसाठी. डोक्याला मार लागून किंवा तापाने येऊन घरी गेलेल्यांत या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं.

असे पंधरा-सोळा प्रश्न, शेवटी एक एकूण गुण आणि एक मोकळा प्रश्न: ‘एक गोष्ट बदलायची तर कोणती?’ बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, सुधारून नाही. छापण्याआधी आठ-दहा खऱ्या रुग्णांना प्रश्न वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. कोणी ‘किती थांबलात’ला डॉक्टर येईपर्यंतचा वेळ सांगेल, कोणी वर बेड मिळेपर्यंतचा. ते दोन वेगळे प्रश्न आहेत हे तिथेच कळतं.

आपल्याकडची खरी गुंतागुंत नातेवाइकांची. ज्याला छातीत दुखत होतं तो आत होता. त्याचा मुलगा बाहेर केसपेपर, फार्मसी, रक्ताचे नमुने, डिपॉझिट, टीपीए असा पळत होता, आणि सिक्युरिटी त्याला आत सोडत नव्हता. फोन उचलतो तो मुलगा. त्याला वडिलांच्या दुखण्याबद्दल विचारलं तर तो अंदाजाने सांगणार. माहिती कोणी दिली, किती खेपा मारल्या, हे मात्र त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. म्हणून पहिलाच रकाना ‘उत्तर कोण देतंय’ हा ठेवा. दुखणं, पडदा, स्पर्श, बोलणं हे प्रश्न रुग्णालाच विचारा. नातेवाइकासाठी चार-पाच वेगळे प्रश्न करा: ‘आत काय चाललंय हे बाहेर येऊन कोणी सांगितलं का, किती वेळाने?’ ‘किती वेगवेगळ्या काउंटरवर जावं लागलं?’ दोन्हींचे आकडे एकत्र करू नका. भांडणं बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर सुरू होतात, कॉटवर नाही.

उत्तरं आली की ती घड्याळाशी लावा. एचआयएसमधून येण्याची वेळ, ट्रायाजची वेळ, डॉक्टरांनी पाहिल्याची वेळ, भरतीचा निर्णय आणि प्रत्यक्ष बेड मिळाल्याची वेळ काढा. घड्याळ २० मिनिटं दाखवतंय आणि माणूस ‘तासभर’ म्हणतोय, तर त्याला खोटं ठरवायचं नाही. त्या वेळात त्याला कोणीही काही बोललं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ बहुधा निघतो. उलट वेळ लांबला तरी कारण सांगितलेले लोक कमी चिडलेले दिसतात का, ते तुमच्याच आकड्यांत तपासा. डॉक्टर वाढवण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला बाहेर येऊन सांगणारा एक माणूस नेमणं स्वस्त असतं.

तुलना करताना एवढं लक्षात ठेवा. वयस्कर लोक बहुधा जास्त गुण देतात, हिरव्या गटातले जास्त थांबतात आणि कमी देतात. दोन पाळ्यांची तुलना करताना वय आणि ट्रायाजचा रंग बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. जुलै ते सप्टेंबर ताप, डेंगी, मलेरिया, लेप्टोची गर्दी असते, तेव्हा ऑगस्टची तुलना आदल्या ऑगस्टशी, एप्रिलशी नाही. दहीहंडीचा दिवस ठाण्यात वेगळाच असतो, त्याची नोंद आलेखावर करून ठेवा. सलग सहा महिने बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला राहिले, तर काहीतरी खरंच बदललंय असं धरा. आणि दहापेक्षा कमी उत्तरं असतील तर पाळीचा किंवा व्यक्तीचा आकडा दाखवूच नका. रात्रपाळीची चार उत्तरं नोटीस बोर्डावर लागली की कोणत्या सिस्टरबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं, आणि कोण बोललं हेही.

फोनवर निष्काळजीपणाची गंभीर तक्रार निघाली तर ती सर्व्हेत पुरून ठेवता येत नाही. ‘हे तक्रार विभागाकडे देऊ का, ते तुम्हाला फोन करतील’ असं विचारून, होकार आला तर नावासकट त्याच दिवशी पुढे द्या. होकार नसेल तर नाव काढून फक्त मजकूर द्या. केसपेपरवरही एक ओळ हवी, की हा नंबर उपचारानंतर अनुभव विचारण्यासाठी वापरला जाईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगा.

महापालिकेच्या किंवा शासकीय रुग्णालयात यातलं बरंच वेगळं करावं लागतं. केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या ‘मेरा अस्पताल’मध्ये एसएमएस, फोन, अॅप आणि वेबसाइट असे मार्ग आहेत. पण कॅज्युअल्टीत येणाऱ्या अनेकांचा नंबर नसतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. तिथे दाराबाहेर समोरासमोर विचारणं बरं. विचारणारा युनिफॉर्मशिवाय हवा, आणि आठवड्यातल्या वेगवेगळ्या पाळ्यांत दोन-दोन तास.

इन्सेंटिव्हबद्दल: जोडू नका. आकड्याला पैसे लागले की पहिल्याच महिन्यात ‘फोन येईल, दहा द्या हां’ सुरू होतं. दुसऱ्या महिन्यात चिडलेल्या रुग्णाच्या नंबरमधला एक अंक चुकतो, आणि असलेच फॉर्म तर ते मावशींच्या हाताने भरले जातात. एकाच पेनाचे, एकाच अक्षरातले, सलग चाळीस ‘उत्तम’ दिसले की समजून जा. खूश रुग्णाला गुगलची लिंक आणि नाराज रुग्णाला आतला फॉर्म, हा प्रकारही चालतो. तो गुगलच्या धोरणात बसत नाही आणि तुमचीच फसवणूक करतो. स्टाफला जोडायचंच असेल तर त्यांच्या हातात असलेल्या कामाला जोडा: ट्रायाजची नोंद किती जणांची झाली, वाचून पडताळलेले नंबर किती, नातेवाइकांना अर्ध्या तासाच्या आत पहिली माहिती किती वेळा दिली. आणि त्याची तपासणी रजिस्टर आणि घड्याळावरून करा, रुग्णाच्या गुणांवरून नको.